तीन नंबरचं गेट

बावीस वर्षं मी तीन नंबरच्या गेटवर तिकिटं फाडली
आणि एकही गोल पाहिला नाही.
पाठ मैदानाकडे, तोंड पार्किंगकडे,
त्यापलीकडे ईरी सरोवर,
मार्चमध्येही बर्फाची साय धरलेलं.

गोल मला ऐकू यायचा.
आधी हजारो श्वास रोखल्याची एक पोकळी,
मग ढोल बेताल,
मग ओन्द्रेय कोवालिकचा घण
फाउंड्रीच्या जुन्या तुळईवर.
एका गोलाला एक ठोका.
माझ्या टाचांतून तो वर चढायचा.

या देशात फुटबॉल म्हणजे निराळाच खेळ,
त्यात चेंडूला पाय क्वचित लागतो.
आमचा तो सॉकर: पोरींचा, परक्यांचा,
उरल्यासुरल्या शनिवारचा.
आमच्या हिरवळीवर त्या दुसऱ्या खेळाच्या रेघा
कितीही रंग मारा, वर यायच्याच,
नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या फोटोसारख्या.

भट्टीवरच्या स्लोव्हाक पोरांनी क्लब काढला,
जेवणाच्या सुट्टीत, राखेच्या मैदानावर.
मग भट्टी विझली. मग लीग बुडाली.
ओन्द्रेयच्या बापानं तुळई
भंगारवाल्याकडून परत आणली:
सत्तेचाळीस डॉलर, आणि पाठीत जन्माची उसण.
मग साल्वादोरचे आले, ढोल घेऊन.
सोमालियातले आले, थंडीला शिव्या देत.
येसेनिया मेल्गारनं पडद्याच्या कापडाचा
झेंडा शिवला, एवढा मोठा
की त्याच्या खाली दोन लग्नं जमली
आणि एक मोडलं.

गाणी चार भाषांत. पंचाला शिव्या मात्र एकाच.

मालकाला आम्ही दोनदाच पाहिलेलं,
दोन्ही वेळा काचेमागे.
नोव्हेंबरात त्याचं पत्र आलं.
नाव विकलं. निळा आणि गेरू, दोन्ही रंग विकले.
क्लब आता दक्षिणेत,
जिथं बर्फ फक्त ग्लासात असतो.
वकिलानं यादी केली, मीच त्याला किल्ल्या दिल्या:
गोलपोस्ट, जाळ्या, कपडे धुण्याचं मशीन,
माझ्या गेटचं फिरतं दारसुद्धा.
तुळई यादीत नव्हती.
भंगार समजला असणार.

मार्चचा पहिला शनिवार, संध्याकाळचे सात.
कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.
माळी वेंडेल प्रुइट कुलूप लावायला विसरला,
तीस वर्षांत पहिल्यांदा.
सहाशे अकरा माणसं, मी सवयीनं मोजली.
बोटं शिवशिवत होती,
फाडायला काहीच नव्हतं,
म्हणून शेवटच्या माणसामागून मीही आत गेले.

मैदान एवढंसं असतं?

ढोल सुरू झाला. सगळे त्या रिकाम्या हिरव्याकडे
असे बघत होते, जशी ताटात वाढायची वाट बघतात.
"ऑफसाइड!" लिबान ओरडला.
सगळे हसले. मग कुणीच हसलं नाही.
पंचेचाळीस मिनिटांनी थांबलो,
बटाट्याच्या पिरोगी खाल्ल्या,
बायकांच्या संडासापुढं नेहमीसारखी रांग लावली,
आणि दुसऱ्या हाफला पुन्हा उभे.

सत्तराव्या मिनिटाला मी ओन्द्रेयशेजारी गेले.
म्हटलं, मार ना एक. एकच.
आयुष्यभर पाठीनं ऐकलाय,
समोरून ऐकायचाय.
त्यानं घण दोन्ही हातांत तोलला,
गोलपोस्ट उपटून नेलेल्या
त्या दोन खड्ड्यांकडे बराच वेळ पाहिलं,
आणि घण हळूच खाली टेकवला.
"गोल झालेला नाही," म्हणाला.

शून्य-शून्य.
बाहेर पडताना लोक भांडत होते,
आपला बचाव आज बरा होता की नशीब.
मी गेटपाशी उभी राहून जो तो जाईल त्याला
म्हणत होते, पुढच्या शनिवारी या हं.
येसेनियानं माझा दंड धरला,
भिंतीवर मागच्या वर्षीचं वेळापत्रक अजून होतं,
एक कोपरा फाटलेलं.
तिनं बोट ठेवलं:
पुढचा सामना बाहेरगावी.
घरचा, त्यानंतरच्या शनिवारी.